बर्कलीत शिकलेल्या मराठी मंडळींना खुलं पत्र : इव्हान्स डायमंडवरचा संघ आपलाही आहे

बर्कलीत शिकून गेलेल्या, सध्या शिकत असलेल्या आणि मुलांना तिथे पाठवलेल्या सर्व मराठी मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कॅलच्या, म्हणजे बर्कलीतल्या आपल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, बेसबॉल संघासाठी आहे. संघ बंद होण्याची कुठली घोषणा झाली म्हणून मी ते लिहीत नाही. घोषणा झाल्यावर लिहिलेली पत्रं या संघाने एकदा पाहिली आहेत, आणि त्यांनी किती निभावलं तेही पाहिलं आहे. म्हणून मागणी आधीच मांडतो. कॅल बेसबॉलच्या कायमनिधीत आपला, मराठी माजी विद्यार्थ्यांचा, नियमित वाटा असावा. आणि वसंत ऋतूतल्या एखाद्या शनिवारी आपण घरच्यांना घेऊन इव्हान्स डायमंड या त्याच्या मैदानावर दिसावं.

आपल्यापैकी बहुतेकांचं बर्कलीशी नातं वर्गाचं आणि प्रयोगशाळेचं. कोरी हॉल, सोडा हॉल, हास या इमारती डोळे मिटून सापडतात. नोव्हेंबरात स्टॅनफर्डविरुद्धचा फुटबॉलचा बिग गेम आला की आपण आठवडाभर निळे-सोनेरी होतो, स्टॅनफर्डच्या नातेवाइकांना चिडवून घेतो. पण डाउनटाउन बार्ट स्टेशनवरून चालत जाता येईल इतक्या जवळ, बॅन्क्रॉफ्ट वेच्या कोपऱ्यावर इव्हान्स डायमंड आहे. १९३३ पासून कॅलचा बेसबॉल तिथे खेळला जातो, आणि तिथे मराठी शब्द क्वचितच कानावर पडतो. क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या माणसांना हा खेळ परका वाटतो, हे मी समजू शकतो. पण हा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला तो परका वाटणार नाही, अशी माझी खात्री आहे.

कॅलमध्ये बेसबॉल १८९२ पासून आहे. विद्यापीठाची स्थापना १८६८ ची, म्हणजे हा खेळ जवळपास विद्यापीठाच्याच वयाचा. ज्या कुऱ्हाडीसाठी कॅल आणि स्टॅनफर्ड दरवर्षी फुटबॉलच्या मैदानात भिडतात, ती मुळात बेसबॉलच्या सामन्यातली आहे. १५ एप्रिल १८९९, सॅन फ्रान्सिस्को. स्टॅनफर्डच्या मुलांनी ही भलीमोठी कुऱ्हाड आणली होती आणि घोषणा देत देत ते तिने निळ्या-सोनेरी फिती तोडत होते. सामना कॅलने जिंकला, आणि संपल्या संपल्या कॅलच्या पोरांनी कुऱ्हाडच पळवली. शहरभर पाठलाग झाला. शेवटी दांडा कापून टाकला, पातं ओव्हरकोटाखाली लपवलं आणि फेरीबोटीने खाडीपार बर्कलीला पोचवलं. ३१ वर्षं ते कॅलकडे राहिलं. १९३० मध्ये स्टॅनफर्डच्या २१ विद्यार्थ्यांनी ते तितक्याच शिताफीने परत नेलं. मग १९३३ पासून दोन्ही विद्यापीठांनी ठरवून ही कुऱ्हाड बिग गेमच्या विजेत्याला द्यायला सुरुवात केली. बेसबॉलची कमाई फुटबॉलच्या कपाटात गेली ती अशी. पुढे पैशाच्या बाबतीतही हेच घडत गेलं, त्याकडे येतोच.

त्या सुरुवातीच्या काळातलं एक नाव सांगायलाच हवं. ऑर्व्हल ओव्हरॉल कॅलचा. १९०८ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, निर्णायक सामना त्याने शिकागो कब्ज या संघाला पिचर म्हणून, म्हणजे चेंडू टाकून, जिंकून दिला. त्यानंतर कब्जना विजेतेपद मिळायला २०१६ उजाडलं. म्हणजे १०८ वर्षं त्या शहराच्या आठवणीतला शेवटचा विजयी पिचर बर्कलीत शिकलेला होता.

आता १९४७. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बेसबॉलची पहिली राष्ट्रीय स्पर्धा, कॉलेज वर्ल्ड सिरीज, मिशिगनमधल्या कालामाझू गावी झाली. अंतिम फेरीत एका बाजूला येल, दुसऱ्या बाजूला क्लिंट इव्हान्स यांनी घडवलेला कॅलचा संघ. युद्ध संपून दोन वर्षं होत होती. नौदलातून परतलेली मुलं पुन्हा वह्या-पुस्तकं घेऊन वर्गात बसत होती आणि दुपारी मैदानात उतरत होती. येलच्या पहिल्या बेसवर असाच नौदलातून आलेला एक उंच तरुण उभा होता, जॉर्ज बुश. तोच पुढे अमेरिकेचा ४१वा अध्यक्ष झाला. कॅलकडे जॅकी जेन्सन होता, तोही नौदलातून आलेला. बुश पुढे अनेक वर्षं एक किस्सा सांगत असत. येलने कॅलच्या आठव्या क्रमांकाच्या फलंदाजाला मुद्दाम फुकटचा बेस दिला. हेतू हा, की पुढचा फलंदाज पिचर आहे, आणि पिचरला फलंदाजी येत नाही. तो पिचर म्हणजे जेन्सन. त्याने चेंडू असा हाणला की तो अजून कालामाझूत घरंगळतो आहे, असं बुश म्हणत. कॅलने पहिला सामना १७-४ असा आणि दुसरा ८-७ असा जिंकला. देशाचं पहिलं महाविद्यालयीन विजेतेपद बर्कलीला आलं. जेन्सन फुटबॉलमध्येही अव्वल होता, पण १९५८ मध्ये तो बोस्टन रेड सॉक्सकडून अमेरिकन लीगचा (व्यावसायिक बेसबॉलच्या दोन मुख्य लीगांपैकी एक, दुसरी नॅशनल लीग) सर्वोत्तम खेळाडू ठरला तो बेसबॉलमध्येच. आणि सत्तरच्या दशकात तो कॅलमध्ये परत आला, याच संघाचा कोच म्हणून.

दुसरं विजेतेपद १९५७ चं, आता जिथे कॉलेज वर्ल्ड सिरीज होते त्या ओमाहामध्ये, जॉर्ज वुल्फमन यांच्या हाताखाली. अंतिम सामन्यात पेन स्टेटवर १-० अशी मात. मग १९८०, १९८८ आणि १९९२ मध्ये संघ ओमाहापर्यंत पोचला, पण करंडक आला नाही. या सगळ्या काळात इथून मोठे खेळाडू निघत राहिले. जेफ केंट इथला, २००० साली नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू. रोहिंटन बारिया करंडकात मुंबई विद्यापीठाकडून खेळलेले वाडेकर आणि गावसकर पुढे कुठे गेले हे ज्यांना माहीत आहे, त्यांना विद्यापीठाचा संघ म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको.

आता २८ सप्टेंबर २०१० या दिवसाकडे येतो, कारण माझ्या मागणीचं मूळ तिथे आहे.

त्या दिवशी चॅन्सेलर रॉबर्ट बर्जनो यांनी जाहीर केलं की त्या शैक्षणिक वर्षाचा हंगाम संपला की बेसबॉल, पुरुष आणि महिला जिम्नॅस्टिक्स आणि महिला लॅक्रॉस हे संघ बंद होतील. रग्बीचा दर्जा खाली आणला गेला. वर्षाला सुमारे ४० लाख डॉलर वाचतील असा हिशेब होता. ११८ वर्षांचा बेसबॉल, दोन राष्ट्रीय विजेतेपदं, आणि एका सकाळी निकाल.

त्या निर्णयामागच्या अडचणी खऱ्या होत्या. राज्याने विद्यापीठाचं अनुदान कापलं होतं. आदल्याच वर्षी, नोव्हेंबर २००९ मध्ये, रीजंट्सनी, म्हणजे विद्यापीठाच्या नियामक मंडळाने, फी ३२ टक्क्यांनी वाढवली होती आणि कॅम्पसवर विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. प्राध्यापकांना बिनपगारी सुट्ट्या घ्याव्या लागत होत्या, आणि क्रीडा विभागाची तूट मात्र विद्यापीठाच्या तिजोरीतून भरली जात होती. खेळांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं असा ठराव प्राध्यापकांच्या सिनेटने केला, त्यात मला काहीही वावगं दिसत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर हात वर केला असता. पण ज्या काळात वर्षाचे ४० लाख वाचवायला बेसबॉल बंद केला जात होता, त्याच काळात फुटबॉलच्या मेमोरियल स्टेडियमच्या नूतनीकरणाचं काम हाती घेतलं जात होतं, खर्च ३२ कोटी डॉलरच्या घरात. त्यासाठी कर्ज काढलं गेलं. भूकंपाच्या दृष्टीने ते स्टेडियम दुरुस्त करणं भाग होतं हेही खरं, ते हेवर्ड भ्रंशरेषेवरच बांधलेलं आहे. तरीही तूट कुणामुळे झाली आणि किंमत कुणी मोजली, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. त्यांची उत्तरं एक नाहीत.

मग जे घडलं ते मला आजही थक्क करतं. खेळाडूंना दुसऱ्या विद्यापीठात जायची मुभा होती. बहुतेक सगळे थांबले. कोच डेव्हिड एस्केर थांबले. ज्या संघाला पुढचं वर्षच नाही, त्याच्यासाठी ही मुलं पहाटे व्यायामाला येत राहिली. आणि बाहेर माजी खेळाडूंनी झोळी हाती घेतली. स्टू गॉर्डन नावाचे सॅन फ्रान्सिस्कोतले वकील, तेही इथले जुने खेळाडू, या मोहिमेच्या पुढे होते.

फेब्रुवारी २०११ मध्ये विद्यापीठाने सांगितलं की जमलेल्या निधीवर रग्बी, महिला जिम्नॅस्टिक्स आणि महिला लॅक्रॉस वाचतील. बेसबॉल नाही. पुरुषांचं जिम्नॅस्टिक्सही नाही. टायटल नाइन या १९७२ च्या कायद्यानुसार मुलींना खेळात समान संधी देणं बंधनकारक आहे, आणि ते गणितही त्या यादीमागे होतं. तो कायदा योग्यच आहे. मुलींचे संघ आधी वाचले याचं मला वाईट वाटत नाही. पण त्या दिवशी बेसबॉलवाल्यांनी आशा सोडली असती तर त्यांना कुणी दोष दिला नसता. त्यांनी सोडली नाही. हंगाम सुरू होता, मुलं खेळत होती आणि मोठी माणसं फोन फिरवत होती. दोन महिन्यांत वचनांचा आकडा ९० लाख डॉलरच्या आसपास गेला आणि ८ एप्रिल २०११ रोजी विद्यापीठाने संघ परत घेतला.

पुढचे अडीच महिने कुणी कथेत लिहिले असते तर आपण म्हटलं असतं की हे जरा जास्तच झालं. राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या टप्प्यात संघ ह्यूस्टनला गेला आणि पहिलाच सामना बेलरकडून हरला. दोन पराभव म्हणजे घरी. त्यानंतर हे चार सामने लागोपाठ जिंकले. त्यातला शेवटचा पुन्हा बेलरविरुद्ध, आणि नवव्या, शेवटच्या डावात कॅल ८-५ असं मागे. तिथून चार धावा काढल्या. डेव्हन रॉड्रिगेझच्या फटक्यावर शेवटच्या दोन धावा आल्या आणि सामना ९-८ असा कॅलचा झाला. पुढची फेरी डॅलस बॅप्टिस्टविरुद्ध. यजमानपद कॅलला मिळालं, पण इव्हान्स डायमंडवर दिवेच नव्हते. रात्रीचा सामना घेता येत नाही म्हणून स्वतःची घरची फेरी या संघाला सँटा क्लारा विद्यापीठाच्या मैदानावर खेळावी लागली. तीही जिंकली. १९ वर्षांनी कॅल ओमाहात पोचला. तिथे व्हर्जिनियाकडून दोनदा हरला, मधे टेक्सस ए अँड एमला हरवलं. सप्टेंबरात ज्या कोचची नोकरी गेल्यात जमा होती, ते एस्केर त्या वर्षी देशातले सर्वोत्तम कोच ठरले.

त्या संघाचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, होता मार्कस सेमियन, इथल्याच बे एरियातला मुलगा. २०२३ मध्ये टेक्सस रेंजर्सनी पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा तो त्या संघात होता. २०१८ मध्ये अँड्र्यू वॉनला गोल्डन स्पाइक्स मिळालं, देशातल्या सर्वोत्तम हौशी खेळाडूचा पुरस्कार. पुढच्या वर्षी व्यावसायिक निवडीत त्याचं नाव तिसऱ्या क्रमांकावर पुकारलं गेलं. आठ वर्षांपूर्वीची फोनाफोनी फसली असती तर वॉन कॅलकडून खेळलाच नसता.

कॅलचा संघ वाचला म्हणून सगळेच वाचतात असं नाही. विस्कॉन्सिनने १९९१ मध्ये बेसबॉल बंद केला, तो आजही बंद आहे. ओरेगनने १९८१ मध्ये केला आणि परत आणायला २००९ पर्यंतचा काळ लागला. बॉइझी स्टेटने कित्येक दशकांनी संघ पुन्हा उभा केला आणि त्याच वर्षी, २०२० मध्ये, मोडीत काढला. समोरच्या स्टॅनफर्डने, ज्याच्या श्रीमंतीचे आपण दाखले देतो, २०२० मध्ये ११ खेळ बंद करण्याची घोषणा केली. माजी विद्यार्थ्यांनी वर्षभर रान उठवलं तेव्हा ती मागे घेतली.

आता आजची परिस्थिती. २०२३ मध्ये पॅक-१२ ही पश्चिम किनाऱ्याची जुनी संघटना फुटबॉलच्या टीव्ही-पैशावरून फुटली. २०२४ पासून कॅल आणि स्टॅनफर्ड अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये आहेत, आणि तिथे सुरुवातीची सात वर्षं कॅलला टीव्हीच्या उत्पन्नातला हिस्सा तीस टक्केच मिळणार आहे. फुटबॉलचे मोसमात बारा सामने. बेसबॉलचे पन्नासच्या वर. फुटबॉलसाठी झालेल्या या कराराचं ओझं कुणाच्या पायावर पडतं ते या आकड्यांतच दिसतं. शुक्रवार ते रविवार तीन सामन्यांची मालिका खेळायला मुलं गुरुवारी नॉर्थ कॅरोलायनाला किंवा फ्लोरिडाला निघतात आणि सोमवारी सकाळी वर्गात असणं अपेक्षित असतं. त्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने हाऊस खटल्यातला समझोता मंजूर केला. विद्यापीठांना आता खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. खेळाडूंना त्यांच्या घामाचा मोबदला मिळतोय याचा मला आनंदच आहे. पण हा पैसा बहुतांश फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे वाहतो. ताळेबंद जुळवायची वेळ आली की सगळ्यांच्या नजरा कुठल्या संघांकडे वळतील, हे २०१० पाहिलेल्या कुणालाही कळतं.

मी हा विषय काढला की दोन आक्षेप हमखास येतात.

पहिला, की पैसा द्यायचाच तर शिक्षणाला द्यावा. द्यावाच. तुम्ही विभागाला, शिष्यवृत्तीला देत असाल तर त्यातला एक डॉलरही इकडे वळवू नका. पण बेसबॉल खेळणारी मुलं विद्यापीठाच्या पैशावर मजा करतात ही समजूत खरी नाही. २०२४-२५ पर्यंत नियमच असा होता की अख्ख्या बेसबॉल संघासाठी मिळून ११.७ शिष्यवृत्त्या. त्या मुलांत तुकडे करून वाटायच्या. म्हणजे अर्धी-पाव फी माफ आणि उरलेली घरून, किंवा कर्ज काढून. नव्या नियमात संघ ३४ जणांचा आणि त्या सर्वांना शिष्यवृत्ती देण्याची परवानगी आहे. परवानगी आहे, पैसा नाही. या संघाला दिलेली देणगी म्हणजे बर्कलीत शिकणाऱ्या एखाद्या मुलाची फी.

दुसरा आक्षेप मला जास्त लागतो. आपला काय संबंध, असं म्हणतात. आपण इथे शिकायला आलो, पदवी घेतली, कामाला लागलो. अहो, पण विद्यापीठ आपलं आहे की नाही? मुलाच्या प्रवेशाचं पत्र आलं की आपण पेढे वाटतो. बर्कलीचं नाव रेझ्युमेवर पहिल्या ओळीत लिहितो. त्या नावाला वजन आलं ते नोबेलविजेत्यांमुळे आलं, तसंच सव्वाशे वर्षं त्या नावाचा गणवेश घालून दूरदूरच्या गावी खेळायला गेलेल्या मुलांमुळेही आलं. आणि आता तर हा खेळ आपल्या घरातही आला आहे. फ्रीमाँट, डब्लिन, सॅन रमोनच्या लिटिल लीगच्या मैदानांवर शनिवारी सकाळी आपली किती मुलं हेल्मेट घालून उभी असतात! त्यांतल्या एखाद्या मुलाला उद्या कॅलकडून खेळावंसं वाटलं, तर तिथे संघ असायला हवा.

म्हणून काही ठोस विनंत्या.

माजी विद्यार्थ्यांनो, रक्कम लहान असली तरी दरमहा द्या. एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा नियमित देणाऱ्यांची यादी विद्यापीठाला जास्त दिसते. देताना खाली स्पष्ट ‘बेसबॉल’ असं लिहा, नुसतं ‘अ‍ॅथलेटिक्स’ नको. तुमची कंपनी देणगीत तितकीच भर घालत असेल तर तो अर्ज विसरू नका. आपल्यातले बरेच जण जिथे काम करतात तिथे ही सोय आहे, आणि ती वापरली जात नाही.

पालकांनो, हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून मे महिन्यापर्यंत असतो आणि शनिवार-रविवारचे बरेच सामने दुपारचे असतात. मंडळाच्या सहलीसाठी दरवर्षी आपण ठिकाणं शोधत असतो. एक सहल इथे काढा. खेळ समजत नसेल तर लिटिल लीगमधल्या तुमच्याच मुलाला शेजारी बसवा, तो सांगेल.

विद्यार्थ्यांनो, तुम्हाला पैसे मागत नाही, तुमच्याकडे ते नसतात हे मला ठाऊक आहे. तुमच्या संघटनांच्या सभांमध्ये हा विषय काढा. क्रीडा विभागाच्या खर्चावर चर्चा होईल तेव्हा तिथे हजर राहा आणि फुटबॉलच्या कर्जाचा आकडा विचारा.

आणि आपण सगळ्यांनी मिळून चॅन्सेलर रिच लायन्स यांना एक पत्र लिहावं असं मला वाटतं. ते स्वतः याच विद्यापीठात शिकलेले आहेत. क्रीडा विभागात काटकसर करायची वेळ आली तर कोणताही संघ बंद करण्याची घोषणा करण्याआधी माजी विद्यार्थ्यांना किमान एक वर्षाची पूर्वसूचना आणि निधी उभारण्याची संधी मिळावी, एवढंच त्यात मागायचं. २०१० मध्ये आधी निर्णय झाला आणि मग संधी मिळाली. क्रम उलटा असता तर त्या मुलांचं एक वर्ष टांगणीला लागलं नसतं आणि नव्याने येणारी मुलं दुसरीकडे गेली नसती. पत्राचा मसुदा मी करतो. सह्या करायला तयार असलेल्यांनी आपापल्या मंडळाच्या कार्यकारिणीकडे नाव, पदवीचं वर्ष आणि विभाग कळवावा. येत्या फेब्रुवारीत हंगामाचा पहिला सामना होण्याआधी ते पाठवायचं आहे.

आपला,
बर्कलीचा एक मराठी माजी विद्यार्थी